ट्रेलरच्या पोटाखालचा वारा

हायवेवर ताशी शंभर किलोमीटरने ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या चाकांपर्यंत पोचलेल्या ताकदीपैकी साधारण निम्मी नुसती हवा मागे सारण्यात जाते. वेग दुप्पट झाला की हा विरोध चौपट. त्यामुळे केबिन गोलसर करून भागत नाही. ट्रेलरच्या पोटाखाली शिरलेला वारा अ‍ॅक्सलवर आदळतो, आणि मागच्या सपाट दारांपाशी पोकळी होऊन गाडी मागे ओढली जाते. दोन्ही बाजूंना खाली लावलेले लांब पडदे, म्हणजे स्कर्ट, हा वारा बाहेरच वळवतात. चांगल्या स्कर्टने पाच टक्क्यांच्या आसपास डिझेल वाचतं. कॅलिफोर्नियाने २०१० पासून ५३ फुटी बंद ट्रेलरना अशी साधनं टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेचा २०१६ चा ट्रेलरविषयीचा नियम मात्र न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं, ट्रेलर स्वतःच्या बळावर चालत नाही, म्हणून तो मोटार वाहनच नव्हे. कायद्याचा अर्थ तसा असेलही, पण डिझेल त्याच्यापायीही जळतं.

स्कर्ट खडबडीत रस्त्यावर तुटतात, ही तक्रार खोटी नाही. म्हणूनच वाकून पुन्हा सरळ होणारे लवचीक स्कर्ट निघाले. बाजार आपोआप हे करील, हेही पटत नाही. ट्रेलर बऱ्याचदा एकाचा असतो आणि डिझेलचं बिल दुसऱ्याचं, मग मालक खर्च का करील? आपल्याकडे वेग कमी, तेव्हा फायदाही कमी, हे मान्य. शहरात फिरणाऱ्या टेम्पोला याची गरजच नाही. पण समृद्धी महामार्गावर ७०१ किलोमीटरची सलग धाव मिळते. तिथल्या स्कर्ट लावलेल्या बंद ट्रेलरना टोलमध्ये सवलत देऊन सरकारने सुरुवात करायलाच हवी.