विश्लेषण : नांदेडमध्ये चाललेला प्रोग्राम पुण्यात का अडतो?

नांदेडला १९८१ पासून एसजीजीएस अभियांत्रिकी संस्था आहे, तर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर लातूरला आहे. इथल्या संगणक शाखेच्या मुलांना नोकरीसाठी अनेकदा पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागते. त्यांचा प्रोजेक्ट मात्र लिंकच्या रूपाने आधीच तिथे पोहोचतो. तो समोरच्याच्या संगणकावर उघडलाच नाही, तर 'माझ्याकडे तर चालत होता' हे ऐकायला कोणी थांबत नाही.

असे का होते?

पायथनचा प्रोग्राम इतरांनी लिहिलेल्या लायब्रऱ्यांवर उभा असतो आणि त्या बदलत राहतात. उदाहरणार्थ, आकडेमोडीच्या 'नमपाय' लायब्ररीची २.० आवृत्ती जून २०२४ मध्ये आली. तिने अनेक जुनी नावे काढून टाकली. ती नावे वापरणारे प्रोग्राम नव्या संगणकावर बंद पडले, जुन्यावर मात्र चालत राहिले.

'वेगळे एन्व्हायर्नमेंट' म्हणजे काय?

प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःची खोली आणि त्याच्यापुरत्याच लायब्रऱ्या. ही सोय देणारे 'व्हेन्व्ह' २०१२ पासून पायथनसोबतच येते. डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४ तर सिस्टीमच्या पायथनमध्ये 'पिप'ने थेट लायब्ररी टाकूच देत नाहीत; आधी वेगळी खोली करा, असे सांगतात.

मग ऑटोमेशन कशासाठी?

दर ऑक्टोबरला पायथनची नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला साधारण ५ वर्षे आधार मिळतो. म्हणजे एका वेळी चार-पाच आवृत्त्या वापरात असतात. प्रत्येकीवर हाताने चाचणी कोण घेणार? 'टॉक्स' हे टूल प्रत्येक आवृत्तीसाठी कोरे एन्व्हायर्नमेंट बनवते, त्यात प्रोग्राम बसवते आणि 'पायटेस्ट'च्या चाचण्या चालवते. एखादी लायब्ररी यादीत लिहायची राहिली असेल, तर ती चूक इथेच पकडली जाते. 'गिटहब ॲक्शन्स' हेच काम कोडमधील प्रत्येक बदलानंतर आपोआप करते. सार्वजनिक प्रोजेक्टसाठी ते मोफत आहे. त्यासाठी महागडा लॅपटॉप लागत नाही.

एवढे पुरेसे आहे का?

नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. तिथेही चाचण्या होत्या, पण नेमकी ती चूक त्यांतून निसटली. चाचणी तेवढेच तपासते, जेवढे तिला तपासायला सांगितले आहे. खोली कोरी ठेवणे हे यंत्राचे काम. तिथे कोणता प्रश्न विचारायचा, हे मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.