प्रबंध जपले, आधार हरवले!

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याची आपल्या सहकाऱ्यांसह बारकाईने पाहणी केली आणि १९१७ मध्ये तिच्यावर ग्रंथ सिद्ध केला. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ग्रंथमालेतील तो पहिला ग्रंथ. पाठोपाठ १९२१ मध्ये एन. व्ही. कानिटकर यांच्या साहाय्याने त्यांनी जातेगाव बुद्रुकची तशीच पाहणी प्रसिद्ध केली. कोणाची जमीन किती, तिचे तुकडे किती पडले, डोक्यावर कर्ज किती, पीक किती आणि घरखर्च किती, याचा तपशील त्यांत नोंदलेला आहे. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत विलीन झाले आहे. शेतांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या आहेत. ती पाहणी आता कोणालाही पुन्हा करता येणार नाही. तरीही शंभर वर्षांपूर्वीच्या दख्खनी शेतकऱ्याच्या स्थितीविषयी आज काही ठामपणे बोलता येते, ते केवळ निष्कर्षांबरोबर त्यांच्या मुळाशी असलेले आकडेही ग्रंथात छापले गेले म्हणून!

या जुन्या उदाहरणाच्या उजेडात आजच्या विद्यापीठीय संशोधनाकडे पाहिले, तर चित्र समाधानकारक दिसत नाही. एखादा संशोधक दुष्काळी भागातील गावागावांतून हिंडतो, शेकडो कुटुंबांच्या ओसरीवर बसून प्रश्नावल्या भरून घेतो. गावकरी कामे बाजूला ठेवून त्याला उत्तरे देतात, चहा देतात, आपली दुःखे सांगतात. तीन-चार वर्षांनी प्रबंध सिद्ध होतो. त्यात टक्केवारीचे तक्ते असतात, रंगीत आलेख असतात, परिशिष्टात कोरी प्रश्नावलीही असते. नसतात त्या भरलेल्या प्रश्नावल्या. त्या कोठे जातात? काही पोत्यात बांधून माळ्यावर, काही घर बदलताना रद्दीत. संगणकावरच्या फाइली जुन्या लॅपटॉपबरोबर वा बिघडलेल्या पेनड्राइव्हबरोबर संपतात. पदवी मिळाली, मौखिक परीक्षा झाली, पेढे वाटले गेले आणि गावाने विश्वासाने दिलेले धन मात्र हरवले!

शोधगंगेचे अर्धे काम

या क्षेत्रात काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांद्वारे पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभारलेल्या ‘शोधगंगा’ या भांडारात आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. एके काळी विद्यापीठाच्या ग्रंथालयातील कुलूपबंद कपाटात धूळ खाणारा प्रबंध आज गडचिरोलीतील विद्यार्थी घरबसल्या वाचू शकतो. ही उपलब्धी लहान नव्हे.

परंतु प्रबंध म्हणजे निवाडा. त्याच्यामागची आधारसामग्री म्हणजे पुरावा. सामान्य बोलीत आज तिलाच ‘डेटा’ म्हणतात. भरलेल्या प्रश्नावल्या, प्रयोगशाळेतील मोजमापे, उत्खननाच्या नोंदवह्या, ध्वनिमुद्रिते, छायाचित्रे आणि आकडेमोडीचे तक्ते हे सारे तिच्यात येते. निवाडा जपावा आणि पुरावा फेकून द्यावा, असे कोणते न्यायालय करील? विद्यापीठांनी मात्र बहुतांशी हेच केले आहे.

काही शाखांत तर हा पुरावा दुसऱ्यांदा मिळतच नाही. पुरातत्त्वाचे पाहा. डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. उत्खनन हे असे शास्त्र आहे की ते आपला पुरावा वाचता वाचताच नष्ट करते. एकदा उकरलेला मातीचा थर पुन्हा रचता येत नाही. उरतात त्या नोंदी, रेखाटने आणि वस्तूंवरील क्रमांक. त्या नोंदी गेल्या की ती वस्ती दुसऱ्यांदा गाडली जाते आणि या वेळी तिला वर काढणारे कोणी नसते.

पडताळणीवाचून प्रामाण्य नाही

आधारसामग्री खुली ठेवण्याचे दुसरे कारण पडताळणीचे आहे. हार्वर्ड विद्यापीठातील दोन ख्यातनाम अर्थतज्ज्ञ, कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. राष्ट्रावरील सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की विकासाचा वेग खुंटतो, असा त्याचा आशय होता. अनेक देशांतील सरकारी खर्चकपातीच्या समर्थनार्थ त्याचा दाखला दिला गेला. पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गातील अभ्यासाचा भाग म्हणून ते गणित पुन्हा मांडून पाहिले. ते जुळेना. लेखकांनी मूळ तक्ता त्याच्याकडे पाठवला, तेव्हा आढळले की सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सूत्रातून सुटून गेल्या होत्या. ही चूक, वगळलेली काही वर्षे आणि सरासरी काढण्याची रीत दुरुस्त केल्यावर अतिकर्जबाजारी देशांचा विकासदर उणे ०.१ टक्क्यावरून अधिक २.२ टक्क्यांवर आला! २०१३ मध्ये हे जगापुढे आले.

या प्रसंगातील बोध दुहेरी आहे. नावाजलेल्या पीठातील नावाजलेले विद्वानही चुकू शकतात, हा पहिला. आणि त्यांनी तक्ता दिला नसता, तर ती चूक कदाचित कधीच सापडली नसती, हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा. ज्ञानाच्या क्षेत्रात पदाला नव्हे, पुराव्याला मान असतो. आपल्याकडे पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष अशी वादाची थोर परंपरा होती. प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण मांडल्यावाचून सिद्धांताला मान्यता नसे. आज ज्या शोधनिबंधाचा मूळ तक्ताच कोणी पाहू शकत नाही, त्याच्याशी वाद तरी कसा करावा?

खोडदचा वस्तुपाठ

सामग्री खुली केली तर दुसराच कोणी तिच्यावर हात मारील, ही भीती अनेक संशोधक खासगीत बोलून दाखवतात. ती सर्वस्वी निराधार नाही. वर्षानुवर्षे उन्हातान्हात राबून एकाने माहिती गोळा करावी आणि वातानुकूलित खोलीत बसून दुसऱ्याने तिच्यावर निबंध लिहावा, हे कोणाला रुचेल? परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ते जुन्नर तालुक्यातच आहे.

नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या दृष्टीतून साकारलेल्या आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील केंद्राकडून चालवल्या जाणाऱ्या या दुर्बिणीचा नियम सुटसुटीत आहे. ज्याने निरीक्षण केले, त्याचा त्या सामग्रीवर सुमारे दीड वर्ष अनन्य हक्क. त्यानंतर ती संग्रहातून सर्वांना खुली. श्रम करणाऱ्याला पहिला घास मिळतो, पण ताट कायमचे झाकले जात नाही.

याचे फळ काय मिळाले? २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झ वारंवारितेवर आकाशाची विस्तृत पाहणी केली. पुढे परदेशातील संशोधकांच्या एका गटाने ती संग्रहातील सामग्री नव्या पद्धतीने पुन्हा तपासली आणि सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची सूची २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. यात भारताचे काही गेले काय? उलट, जगभरातील खगोलशास्त्रज्ञ ती सूची वापरताना खोडदच्या दुर्बिणीचे नाव घेतात. वाटल्याने कीर्ती वाढली.

झाकावे की नोंदवावे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्या वनस्पती, आपले वैद्यक आणि आपल्या लोकसमूहांची माहिती खुली केली तर बाहेरचे तिचा गैरफायदा घेणार नाहीत काय? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी हळदीचे प्रकरण आठवावे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतले. ते कशाच्या बळावर? घरोघरच्या आजीला हे ठाऊक आहे, एवढे सांगून पेटंट कार्यालय मानत नाही. तेथे लिखित, तारीखवार आणि दाखवता येण्याजोगा पुरावा लागतो. तो शोधून सादर केला, म्हणून हळद वाचली.

त्यातून धडा घेऊन २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहू लागले. आयुर्वेदादी शास्त्रांतील योग आंतरराष्ट्रीय भाषांत नोंदवून ते निरनिराळ्या देशांच्या पेटंट कार्यालयांना कराराने, अटींवर उपलब्ध केले गेले. म्हणजे सर्व काही चव्हाट्यावर मांडणे आणि सर्व काही तिजोरीत कोंडणे, या दोहोंमध्ये तिसरा मार्ग आहे. ज्ञानाचे रक्षण झाकल्याने होत नाही. पद्धतशीर नोंदीने होते. आणि ज्याची नोंद असते, त्याच्यावर अटीही घालता येतात.

व्यक्तींच्या खासगीपणालाही हाच न्याय लागू होतो. रुग्णाचा आजार, कुटुंबाचे कर्ज, विधवेचे उत्पन्न ही माहिती नावानिशी उघड करणे हा विश्वासघातच होय. नावे, पत्ते आणि ओळख पटवणाऱ्या खुणा काढून सामग्री ठेवावी, संवेदनशील भाग फक्त अभ्यासकांना करारपत्र घेऊन दाखवावा, ही पद्धत जगभर रूढ आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात सामाजिक सर्वेक्षणांचे असे भांडार १९६७ पासून चालू आहे.

खर्च कोठे, दुर्लक्ष कोठे

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये मंजूर झाले; ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण संस्थांना त्यातून उपलब्ध होतात. योजना स्वागतार्ह आहे. पण जगाचे संशोधन वाचण्यासाठी एवढा निधी उभारणाऱ्या देशाने स्वतःच्या विद्यापीठांत निर्माण होणारी सामग्री बेवारस सोडावी, यासारखी विसंगती नाही. केंद्र शासनाचे सामग्री-सामायिकीकरणाचे धोरण २०१२ मध्ये आले, पण ते मुख्यतः शासकीय खात्यांसाठी. जीवशास्त्रीय सामग्रीसाठी फरिदाबादला राष्ट्रीय केंद्र २०२२ मध्ये सुरू झाले. विद्यापीठांच्या दारी मात्र हा विचार अजून पुरता पोहोचलेला नाही.

करावयाचे ते फार अवघड नाही. पीएच.डी.च्या नोंदणीच्या वेळीच संशोधकाने एक पानी आराखडा द्यावा: कोणती सामग्री गोळा होणार, कोठे ठेवणार, कोणाची संमती घेणार, केव्हा खुली करणार. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने २०११ पासून प्रत्येक प्रस्तावासोबत असा आराखडा मागितला आहे. संमतीपत्र गावकऱ्याला समजेल अशा मराठीत असावे. प्रबंध सादर होताना सामग्रीही विद्यापीठाच्या भांडारात जमा व्हावी. तिच्यावर दोन वर्षे संशोधकाचा प्रथम हक्क असावा.

सामग्रीसोबत तिची किल्लीही हवी. तक्त्याच्या रकान्यात ९ हा आकडा दिसतो. तो नऊ एकर आहे की ‘उत्तर दिले नाही’ याची खूण? हे लिहून ठेवले नसेल तर दहा वर्षांनी खुद्द संशोधकालाही ते सांगता येणार नाही. या कामासाठी ग्रंथालयात प्रशिक्षित माणूस नेमावा लागेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निवड आणि बढतीच्या वेळी शोधनिबंधांच्या संख्येबरोबर सुव्यवस्थित सामग्री जमा केल्याचेही गुण मिळावेत. ज्या कामाला मान नाही, ते काम कोणी मनापासून करत नाही.

पिढ्यांचे देणे

डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाचे काम १९४८ मध्ये सुरू झाले. सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द वेचून विद्वानांनी जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या लिहिल्या. शब्द, संदर्भ आणि अर्थ नेमका नोंदवून त्या पेट्यांत क्रमवार लावल्या. त्यांतील बहुतेकांना आपल्या हयातीत कोश पूर्ण होणार नाही, याची जाणीव होती. आज त्याच चिठ्ठ्या समोर ठेवून नवी पिढी खंडामागून खंड सिद्ध करते आहे. चिठ्ठी लिहिणारा आणि ती वाचणारा यांची भेट कधीच झाली नाही, तरी काम अखंड चालू आहे.

ऋषिऋण फेडण्याचा याहून वेगळा अर्थ काय असू शकतो? समाजाच्या पैशावर आणि समाजाच्या विश्वासावर जमा झालेली सामग्री ही कोणा एका संशोधकाची मालमत्ता नाही, तशीच ती रद्दीही नाही. ती पुढच्या अभ्यासकाची ठेव आहे. उद्या एखादा तरुण अभ्यासक आजच्या दुष्काळी गावाचा इतिहास लिहावयास बसेल, तेव्हा त्याच्या हाती केवळ टक्केवारीचे आलेख पडावेत, की त्या गावाने खरोखर सांगितलेले सारे काही? याचा निर्णय विद्यापीठांच्या विद्यापरिषदांनी आजच करावयाचा आहे.