मोल्दोव्हन सुपर लीगा

मोल्दोव्हन सुपर लीगा ही मोल्दोव्हा देशातील पुरुषांची सर्वोच्च श्रेणीची फुटबॉल साखळी स्पर्धा आहे. तिचे आयोजन मोल्दोव्हन फुटबॉल महासंघ करतो. १९९२ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा दीर्घकाळ 'दिविझिया नॅशनाला' या नावाने ओळखली जात होती; २०२२ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. २०२४-२५ च्या हंगामापर्यंत ३४ विजेतेपदांपैकी २१ तिरास्पोल येथील शेरिफ या एकाच क्लबने मिळवली आहेत. तिरास्पोल हे शहर मोल्दोव्हाच्या शासनाखाली नसलेल्या ट्रान्सनिस्ट्रिया या प्रदेशाची राजधानी असल्यामुळे या स्पर्धेला क्रीडेपलीकडचे महत्त्व प्राप्त झाले आहे. राजकीयदृष्ट्या दुभंगलेल्या देशाचे दोन्ही भाग तीन दशकांहून अधिक काळ जेथे एकाच नियमावलीखाली एकत्र येत राहिले, अशा मोजक्या राष्ट्रीय व्यवस्थांपैकी ही एक आहे. २०२२ नंतरच्या घडामोडींनी मात्र या व्यवस्थेचा आर्थिक आणि राजकीय पाया बदलू लागला आहे.

पार्श्वभूमी

मोल्दोव्हा हा रोमेनिया आणि युक्रेन यांच्यामध्ये वसलेला, समुद्रकिनारा नसलेला लहान देश आहे. २०२४ च्या जनगणनेनुसार ट्रान्सनिस्ट्रिया वगळता त्याची लोकसंख्या सुमारे २४ लाख आहे. २७ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने सोव्हिएत संघापासून स्वातंत्र्य घोषित केले. त्यापूर्वीच, सप्टेंबर १९९० मध्ये, प्रामुख्याने द्नीस्तर नदीच्या पूर्व तीरावरील पट्ट्याने स्वतःला मोल्दोव्हापासून वेगळे जाहीर केले होते. १९९२ मध्ये दोन्ही बाजूंत सशस्त्र संघर्ष झाला आणि त्याच वर्षी २१ जुलै रोजी युद्धविराम झाला. तेव्हापासून ट्रान्सनिस्ट्रियाचे स्वतंत्र प्रशासन, चलन आणि सीमाचौक्या आहेत, तसेच तेथे रशियाचे सैन्यही तैनात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने या प्रदेशाला मान्यता दिलेली नाही. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार तो मोल्दोव्हाचाच भाग होय.

मोल्दोव्हाची पहिली राष्ट्रीय साखळी स्पर्धा नेमकी या संघर्षाच्या वर्षीच खेळवली गेली. राजधानी चिशिनाउ येथील झिंब्रू हा क्लब तिचा विजेता ठरला, तर तिरास्पोलचा तिलिगुल उपविजेता. म्हणजे दोन तीरांमध्ये बंदुका चालत असताना दोन्ही तीरांवरचे क्लब एकाच गुणतक्त्यात होते. तिलिगुलने १९९३, १९९४ आणि १९९५ असे सलग तीन वेळा मोल्दोव्हाचा राष्ट्रीय चषकही जिंकला. फुटबॉलमधील तिरास्पोलचे बळ शेरिफपासून सुरू झाले असा समज आढळतो. परंतु ते त्याहून जुने आहे आणि ते आरंभापासूनच मोल्दोव्हाच्या स्पर्धांत व्यक्त होत आले आहे.

या एकत्र राहण्यामागे व्यावहारिक कारण होते. मोल्दोव्हन महासंघ १९९३ मध्ये युएफाचा आणि १९९४ मध्ये फिफाचा सदस्य झाला. युरोपीय स्पर्धांत प्रवेश सदस्य महासंघाच्या स्पर्धांमधूनच मिळतो. मान्यता नसलेल्या प्रदेशाने स्वतःची साखळी सुरू केली असती, तर तिच्या विजेत्याला युरोपचे दार बंदच राहिले असते. उत्तर सायप्रस आणि अबखाझिया येथील क्लबांची स्थिती याची साक्ष देते. चिशिनाउच्या दृष्टीने पाहता, तिरास्पोलचे क्लब आपल्या स्पर्धेत खेळणे ही देशाच्या अखंडतेची दृश्य खूण होती. एका बाजूला मान्यतेची गरज होती, दुसरीला अखंडतेची. त्या दोहोंची सोय एकाच गुणतक्त्यात झाली.

स्पर्धेचे स्वरूप

स्पर्धेतील संघसंख्या आणि हंगामाचा काळ वारंवार बदलत आला आहे. आरंभी शरद ऋतूत सुरू होऊन वसंतात संपणारा हंगाम होता. २०१७ मधील एका संक्रमणकालीन लघुहंगामानंतर काही वर्षे वसंत ते शरद अशी पद्धत अवलंबली गेली आणि पुढे पुन्हा जुन्या क्रमाकडे परतणे झाले. अलीकडच्या हंगामांत ८ संघ आणि दोन टप्पे अशी रचना आहे. पहिल्या टप्प्यात प्रत्येक संघ इतर सर्व संघांशी स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर असे एकूण १४ सामने खेळतो. त्यानंतर वरच्या क्रमांकाचे संघ विजेतेपदासाठी पुन्हा परस्परांशी खेळतात. विजेत्याला चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत प्रवेश मिळतो.

संघसंख्या अल्प असण्याचे मुख्य कारण क्लबांची आर्थिक अस्थिरता हे आहे. राजधानीतील डाचिया या क्लबने २०१०-११ मध्ये विजेतेपद मिळवून शेरिफची सलग दहा विजेतेपदांची मालिका खंडित केली होती. तोच क्लब २०१७ च्या हंगामानंतर सर्वोच्च श्रेणीतून नाहीसा झाला. तिरास्पोलमधील एफसी तिरास्पोल हा क्लब २०१३ मध्ये राष्ट्रीय चषक जिंकून २०१५ मध्ये विसर्जित झाला. एखाद्या आश्रयदात्याने हात आखडता घेतला की क्लबच संपुष्टात येतो, हा येथील नेहमीचा अनुभव आहे.

२०२४-२५ पर्यंतची विजेतेपदे पुढीलप्रमाणे आहेत : शेरिफ २१, झिंब्रू ८, मिल्सामी ओर्हेई २, आणि कॉन्स्त्रुक्तोरुल, डाचिया व पेट्रोकुब यांना प्रत्येकी १.

शेरिफचे वर्चस्व

शेरिफ या उद्योगसमूहाची स्थापना १९९३ मध्ये व्हिक्टर गुशान आणि इल्या काझमाली यांनी केली. सोव्हिएत व्यवस्था कोसळल्यानंतर या समूहाने ट्रान्सनिस्ट्रियातील किराणा बाजार, पेट्रोलपंप, दूरसंचार, मद्यनिर्मिती अशा बहुतेक प्रमुख क्षेत्रांत हातपाय पसरले. त्याचे प्रदेशाच्या राजकारणावरील वजनही सर्वश्रुत आहे. समूहाच्या नावाचा फुटबॉल क्लब १९९७ मध्ये उभा राहिला आणि १९९८-९९ च्या हंगामात सर्वोच्च श्रेणीत आला. २०००-०१ मध्ये त्याने पहिले विजेतेपद मिळवले आणि २००९-१० पर्यंत सलग दहा वेळा ते राखले. २०११-१२ ते २०१३-१४ या तीन हंगामांत आणि पुढे २०१५-१६ ते २०२२-२३ या काळातील सर्व आठ हंगामांत तोच विजेता होता.

या यशाचा पाया मुख्यतः साधनसामग्रीतील विषमतेत होता. २००२ मध्ये तिरास्पोलच्या सीमेवर समूहाने सुमारे १२,७०० प्रेक्षकक्षमतेचे मुख्य मैदान, लहान मैदान, बंदिस्त क्रीडागृह आणि प्रशिक्षण केंद्र असलेले संकुल उभारले. त्या काळी मोल्दोव्हात त्याच्या तोडीचे मैदान नव्हते; २००३ मध्ये मोल्दोव्हाच्या राष्ट्रीय संघानेही युरो पात्रता फेरीतील यजमान सामने याच संकुलात खेळले. ज्या प्रदेशाचे प्रशासन मोल्दोव्हाचे सार्वभौमत्व मानत नाही, त्याच्या राजधानीत मोल्दोव्हाचा राष्ट्रीय संघ यजमान म्हणून उतरला, ही घटना दोन तीरांमधील त्या वेळच्या व्यवहाराचे स्वरूप स्पष्ट करते.

या वर्चस्वाची दुसरी बाजू स्पर्धात्मकतेची आहे. ट्रान्सनिस्ट्रियाची अर्थव्यवस्था दीर्घकाळ रशियाकडून येणाऱ्या आणि प्रत्यक्षात मोबदला न दिल्या जाणाऱ्या नैसर्गिक वायूवर चालत आली. तेथील उद्योगांना मिळणाऱ्या या स्वस्त ऊर्जेचा लाभ द्नीस्तरच्या पश्चिमेकडील क्लबांच्या आश्रयदात्यांना नव्हता. त्यामुळे एकाच साखळीत खेळणारे संघ प्रत्यक्षात दोन निरनिराळ्या अर्थव्यवस्थांचे प्रतिनिधी होते. नियम सर्वांना समान असले, तरी स्पर्धा समान नव्हती.

२०२१ : यशाचा कळस

२०२१-२२ च्या हंगामात शेरिफ चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोहोचणारा मोल्दोव्हाचा पहिला क्लब ठरला. १५ सप्टेंबर २०२१ रोजी त्याने शाख्तार दोनेत्स्कला २-० असे आणि २८ सप्टेंबर रोजी माद्रिद येथे रेआल माद्रिदला २-१ असे हरवले. दुसऱ्या सामन्यातील निर्णायक गोल लक्झेंबर्गच्या सेबास्तियन थिल याने ८९ व्या मिनिटाला केला. गटात ७ गुणांसह तिसरे स्थान मिळवून शेरिफने युरोपा लीगच्या बाद फेरीत प्रवेश केला. केवळ गटफेरीतील सहभागापोटी त्या हंगामात प्रत्येक क्लबला १.५६४ कोटी युरो मिळत होते आणि प्रत्येक विजयासाठी २८ लाख युरो. मोल्दोव्हातील अन्य क्लबांच्या आवाक्याबाहेरची ही रक्कम होती.

या यशाने देशाचे नाव जगभर पोहोचले. त्याबरोबर एक प्रश्नही पुढे आला. माद्रिद येथील सामन्यात शेरिफच्या पहिल्या अकरा खेळाडूंत ग्रीस, ब्राझील, कोलंबिया, पेरू, घाना, माली, उझबेकिस्तान आणि लक्झेंबर्ग येथील खेळाडू होते. मोल्दोव्हाचा एकही नव्हता. परदेशी तरुण खेळाडू अल्प किमतीत आणून युरोपीय सामन्यांत त्यांचे गुण दाखवावेत आणि नंतर अधिक किमतीला विकावेत, या क्लबच्या धोरणाचा तो परिणाम होता. व्यवसाय म्हणून हे धोरण यशस्वी ठरले; राष्ट्रीय संघाच्या घडणीत मात्र त्याचे योगदान मर्यादित राहिले. २० जून २०२३ रोजी चिशिनाउ येथे ०-२ अशा पिछाडीवरून पोलंडला ३-२ असे नमवणाऱ्या मोल्दोव्हाला ९ सप्टेंबर २०२५ रोजी विश्वचषक पात्रता सामन्यात नॉर्वेकडून १-११ असा पराभव पत्करावा लागला. राष्ट्रीय संघाच्या या चढउतारांची सर्व जबाबदारी एका क्लबवर टाकता येत नाही. परंतु साखळीतील सर्वांत मोठा आर्थिक स्रोत देशी खेळाडूंच्या विकासाकडे फारसा वळला नाही, हे दिसून येते.

युद्धाचे परिणाम

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. त्याच दिवशी पोर्तुगालमध्ये शेरिफचा ब्रागाविरुद्ध युरोपा लीगचा सामना होता आणि शेरिफ पेनल्टी शूटआउटमध्ये पराभूत झाला. संघाचे युक्रेनियन प्रशिक्षक युरी व्हर्निदुब त्यानंतर मायदेशी परतले आणि युक्रेनच्या सैन्यात दाखल झाले. ज्या शहरात रशियाचे सैनिक तैनात आहेत, तेथील क्लबचा प्रशिक्षक रशियाविरुद्ध लढण्यासाठी गेला. क्लबचे बहुराष्ट्रीय स्वरूप आणि प्रदेशाचे राजकीय वास्तव यांतील अंतर या घटनेतून उघड झाले.

सुरक्षेच्या कारणास्तव युएफाने शेरिफचे युरोपीय सामने तिरास्पोलबाहेर हलवण्याचा निर्णय घेतला. २०२२-२३ मधील युरोपा लीगचे यजमान सामने शेरिफने चिशिनाउच्या झिंब्रू मैदानावर खेळले; १५ सप्टेंबर २०२२ रोजी मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा सामना त्यांपैकीच होय. देशांतर्गत साखळीचे सामने मात्र तिरास्पोलमध्ये होत राहिले. वादग्रस्त प्रदेशांविषयी युएफाने सर्वत्र एकच सूत्र वापरलेले नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. क्रिमियातील क्लबांना १ जानेवारी २०१५ पासून रशियाच्या स्पर्धांत खेळण्यास युएफाने मनाई केली होती. शेरिफबाबत तसा प्रश्न उद्भवला नाही, कारण तो मान्यताप्राप्त देशाच्या मान्यताप्राप्त स्पर्धेतच खेळत होता. १९९२ मधील व्यावहारिक तडजोड तीस वर्षांनंतर क्लबला संरक्षण देणारी ठरली.

आर्थिक बदल आणि नवे विजेते

मोल्दोव्हाला जून २०२२ मध्ये युरोपियन संघाच्या सदस्यत्वासाठी उमेदवार देशाचा दर्जा मिळाला. जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या नव्या सीमाशुल्क कायद्यानुसार ट्रान्सनिस्ट्रियातील उद्योगांकडूनही आयातशुल्क वसूल होऊ लागले. १ जानेवारी २०२५ रोजी युक्रेनमार्गे येणाऱ्या रशियन वायूचा पुरवठा थांबला. ट्रान्सनिस्ट्रियात ऐन हिवाळ्यात घरे तापवण्याची व्यवस्था आणि गरम पाणी बंद झाले, बहुतेक कारखाने थांबले. फेब्रुवारीत मर्यादित पुरवठा पुन्हा सुरू झाला, तरी जुनी व्यवस्था पूर्ववत झाली नाही.

याच काळात साखळीचे चित्र पालटले. २०२३-२४ मध्ये राजधानीपासून जवळच्या हिंचेश्ती या छोट्या शहरातील पेट्रोकुबने प्रथमच विजेतेपद मिळवले आणि पुढील हंगामात कॉन्फरन्स लीगच्या मुख्य फेरीत प्रवेश केला. २०२४-२५ मध्ये ओर्हेई येथील मिल्सामीने दहा वर्षांनी पुन्हा विजेतेपद पटकावले. १९९९-२००० नंतर शेरिफला सलग दोन हंगाम विजेतेपदाविना राहावे लागल्याची ही पहिलीच वेळ होय. क्रीडेतील यशापयशाला अनेक कारणे असतात. पेट्रोकुबने त्याआधी अनेक वर्षे सातत्याने वरचे स्थान राखले होते, हे विसरता येत नाही. तरीही शेरिफ समूहाच्या उत्पन्नाचे जुने आधार डळमळीत होणे आणि साखळीतील अंतर कमी होणे या दोन गोष्टी एकाच काळात घडल्या आहेत.

मूल्यमापन

या बदलाचे दोन अर्थ संभवतात. पहिला अर्थ क्रीडेच्या दृष्टीने समाधानकारक आहे : विजेता आधीच ठरलेला नसलेली साखळी अधिक निकोप असते आणि युरोपीय स्पर्धांतील उत्पन्नही एकाहून अधिक क्लबांत विभागले जाते. दुसरा अर्थ काळजीचा आहे. शेरिफसारखा क्लब नसेल, तर युरोपीय सामन्यांत गुण मिळवून मोल्दोव्हाचे युएफा क्रमवारीतील स्थान उंचावणार कोण, हा प्रश्न उरतो. ते स्थान घसरल्यास सर्वच क्लबांचा पात्रता फेरीतील मार्ग खडतर होतो.

तथापि, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न गुणतक्त्याबाहेरचा आहे. चिशिनाउ आणि तिरास्पोल यांच्यातील सुमारे ७० किलोमीटरच्या रस्त्यावर आजही तपासणी चौकी आहे. ती ओलांडून दोन्ही बाजूंचे संघ परस्परांच्या मैदानावर नियमितपणे जात आले. शेरिफ बलाढ्य होता तेव्हा चिशिनाउला त्याच्या वर्चस्वाची खंत होती. तो दुबळा होऊन विसर्जित झालेल्या क्लबांच्या यादीत गेला, तर दोन तीरांना जोडणारा एक जुना दुवा निखळेल. युरोपियन संघाकडे वाटचाल करणाऱ्या मोल्दोव्हाला ट्रान्सनिस्ट्रियाशी एकात्मता साधावयाची आहे. त्यासाठी कर, चलन, न्यायव्यवस्था आणि सैन्य यांविषयीचे कठीण प्रश्न अद्याप अनुत्तरित आहेत. समान नियमावली, समान पंच आणि समान चषक या मर्यादेत ही एकात्मता फुटबॉलने १९९२ पासून टिकवली. परंतु समान नियमांमागे समान आर्थिक परिस्थिती नसेल तर त्या एकात्मतेची किंमत कोणाला मोजावी लागते, हेही याच साखळीच्या इतिहासातून दिसते.