भंडारदऱ्याला पुन्हा मुक्कामाला जाताना

अहिल्यानगर, प्रतिनिधी

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पाठीवर तंबू बांधून हरिश्चंद्रगड नाहीतर कळसूबाई गाठणारे तरुण आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. मधल्या काळात नोकरी, घराचे हप्ते आणि मुलांच्या परीक्षा यांत मुक्कामी भटकंती मागे पडली. आता हातात गाडी आहे, थोडी सवड आहे आणि भाड्याने मिळणाऱ्या कॅराव्हॅनचा नवा पर्यायही आहे. साहजिकच पावले पुन्हा अकोले तालुक्याकडे वळू लागतात. मात्र मुक्कामाची जागा ठरविताना जुनी आठवण प्रमाण मानली, तर फसगत होण्याचा संभव आहे. डोंगर तेच आहेत. पण तेथे रात्र काढण्याच्या अटी बदलल्या आहेत.

पूर्वीचा रिवाज सोपा होता. देवळाचे आवार, शाळेचा व्हरांडा, धरणाचा काठ अथवा गडावरील गुहा, जेथे अंधार पडेल तेथे पथारी टाकायची. येणारे मोजके असत आणि त्यांच्याजवळ टाकून देण्यासारखे फारसे काही नसे. आज काजव्यांच्या हंगामात शनिवार-रविवारी शेंडी ते घाटघर या रस्त्यावर वाहनांच्या रांगा लागतात. एका तंबूने न बिघडणारी जागा शंभर तंबूंनी बिघडते, हा साधा हिशेब आहे. म्हणूनच तळ कोठे टाकावा हा प्रश्न आता केवळ खासगी आवडीचा राहिलेला नाही.

जमीन कोणाची?

पहिला विचार मालकीचा करावयास हवा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. त्याचा विस्तार सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे आणि भंडारदरा जलाशयाभोवतीचा बराचसा परिसर त्यात मोडतो. अभयारण्यातील प्रवेशाला आणि वास्तव्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे बंधन आहे. अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटविणे अथवा तो पेटता सोडून जाणे यास हा कायदा मनाई करतो. शेकोटी ही मुक्कामाची हौस मानली जाते. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात तिची एक ठिणगी डोंगर जाळण्यास पुरेशी असते.

जलाशयाचा काठ हा पाटबंधाऱ्याचा विषय आहे, तर रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर संरक्षित स्मारक आहे. उरते ती गावकऱ्यांची खासगी जमीन. मुरशेत, पांजरे, उडदावणे, साम्रद, रतनवाडी या वाड्यावस्त्यांतील अनेक आदिवासी कुटुंबे आपल्या खाचरात वा अंगणात तंबू लावू देतात, जेवण देतात आणि वाट दाखवितात. हा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे येथे ग्रामसभेच्या शब्दाला कायद्याचे वजन आहे. परतणाऱ्या पर्यटकाने जागा निवडताना ज्या घराचा मालक समोर उभा आहे ती जागा घ्यावी. त्यात पैसे गावात राहतात आणि रात्री काही झाले तर हाक मारायला माणूस असतो.

काठाचा मोह

छायाचित्रांत सर्वांत सुंदर दिसते ती पाण्याला खेटून असलेली जागा. जाणकार नेमकी तीच टाळतात. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले, ते लाभक्षेत्रातील शेतीसाठी. पावसाळ्यात जलाशय भरतो आणि पुढे आवर्तने सुटत जातात तसतसे पाणी मागे सरकते. उघड्या पडलेल्या काठावर वरून सुकलेला पण आत मऊ असलेला गाळ असतो. गाडी तेथे रुतते आणि पोहण्यास उतरलेल्याचा पायही. घाटघरचा परिसर राज्यातील अतिवृष्टीच्या पट्ट्यांपैकी एक. जून-जुलैत संध्याकाळी कोरडी असलेली जागा पहाटेपर्यंत पाण्यात जाऊ शकते.

म्हणून काठापासून पुरेशी उंच, पाणी वाहून जाईल इतपत उताराची आणि ओढ्याच्या वाटेबाहेरची जागा पाहावी. डोक्यावर वठलेली फांदी नको, पाठीशी सुटा कडा नको. साम्रदच्या सांदण दरीसारख्या घळीत पावसाची चिन्हे असताना मुक्कामाचा विचारही करू नये. दूरच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचा लोंढा तेथे पूर्वसूचना देत नाही.

जिल्ह्याच्या उत्तरेचे आणि मध्याचे चित्र वेगळे आहे. संगमनेर, राहाता, राहुरी, कोपरगाव या बागायती पट्ट्यात उसाच्या फडांनी बिबट्याला बारमाही आसरा दिला आहे. शिर्डीला जाता-येता वाटेत शेताच्या कडेला गाडी लावून झोपण्याचा बेत असेल, तर तो सोडून द्यावा. तेथे मुक्काम आवाराची भिंत, दिवा आणि फाटक असलेल्या ठिकाणीच करावा. लहान मुले बरोबर असतील तर विशेषच.

कॅराव्हॅनचे गणित

राज्य शासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरणास मंजुरी दिली. केंद्राचे कॅराव्हॅन व कॅम्पिंग पार्कविषयक धोरण त्याआधीचे. सह्याद्रीसारख्या ठिकाणी पक्की बांधकामे न वाढविता पर्यटकांची सोय व्हावी, हा विचार त्यामागे आहे आणि तो रास्तही आहे. परंतु कॅराव्हॅन ही चाकांवरची खोली असली तरी ती स्वयंपूर्ण नसते. तिला पाणी भरून घ्यावे लागते, विजेची जोडणी लागते आणि शौचालयाची टाकी कोठेतरी रिकामी करावी लागते. युरोपातील तळांवर या सोयी गृहीत धरल्या जातात. आपल्याकडे त्या निघण्यापूर्वी विचारून घ्याव्या लागतात.

तेव्हा कॅराव्हॅन नेणाऱ्याने दूरध्वनीवर चार प्रश्न विचारावेत. गाडीच्या लांबी-उंचीला पुरेल असा रस्ता शेवटपर्यंत आहे काय आणि ती वळविता येईल काय? जमीन कठीण आणि सपाट आहे काय? पाणी व वीज मिळेल काय? मैला टाकण्याची अधिकृत सोय आहे काय? चौथ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर गाडीतील शौचालय बंद ठेवून यजमानाचे वापरावे. ती टाकी ओढ्यात वा शेताच्या बांधावर रिती करणे म्हणजे खालच्या वाडीचे पिण्याचे पाणी नासविणे होय. राजूरच्या पुढील घाटरस्त्यांवर आणि जलाशयाच्या वळसा-रस्त्यावर मोठी गाडी हाकणे दमछाक करणारे असते. त्यामुळे शेंडीसारख्या मुख्य गावी गाडी ठेवावी आणि पुढचे फिरणे स्थानिक जीपने करावे, हे सोयीचे ठरते.

काजवे आणि प्रकाश

मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत येथील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे लखलखतात. नर-मादीचे संकेत प्रकाशातून चालतात. गाडीचे दिवे, तंबूबाहेरच्या रंगीत माळा आणि विजेऱ्या त्या संकेतांत व्यत्यय आणतात. अळ्या आणि पुष्कळदा माद्याही जमिनीलगत असतात, त्यामुळे झाडाखालचे गवत तुडविले की पुढच्या वर्षीचा काजवाच तुडविला जातो. अलीकडच्या हंगामांत वनविभागाने वाहनांवर व वेळेवर निर्बंध घातले ते यासाठीच. हा सोहळा पाहण्यासाठी येणाऱ्याने त्या झाडांपासून दूर तळ टाकावा आणि पायी जाऊन पाहावे. ज्या तळाची जाहिरात ध्वनिक्षेपक आणि रोषणाई मिरविते, तो तळ काजव्यांसाठी नाही हे ओळखावे.

पहिला मुक्काम लहान असावा

दीर्घ खंडानंतर बाहेर पडणाऱ्याने आणखी एक गोष्ट मान्य केलेली बरी. माळ्यावरच्या तंबूचे जलरोधक अस्तर इतक्या वर्षांत सुटलेले असते, गॅसची नळी कडक झालेली असते आणि पाठीलाही दगडावर झोपण्याची सवय उरलेली नसते. पहिली फेरी एका रात्रीची, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेतली असावी. दवाखाना आणि भ्रमणध्वनीची रेंज किती अंतरावर आहे हे आधी ठाऊक असावे. अंधार पडण्यापूर्वी दोन तास पोहोचले, तर जागा पसंत न पडल्यास दुसरी पाहता येते. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत वा बंद गाडीत घेऊ नये; तिचा विषारी वायू झोपेतच घात करतो.

प्रश्न अखेरीस पर्यटकाच्या शहाणपणावरच सोडून भागणार नाही. कचरा उचलण्याची आणि मैला स्वीकारण्याची व्यवस्था नसलेल्या छोट्या ग्रामपंचायतींवर हंगामातील हजारोंचा भार पडतो, आणि उत्पन्नाची आशा असल्याने त्यांना नाहीही म्हणवत नाही. शेंडी, राजूर यांसारख्या दोन-तीन ठिकाणी सार्वजनिक शौचालये, पिण्याचे पाणी आणि टाकी रिकामी करण्याची सोय उभी राहिली, तर धोरणाच्या कागदाला जमिनीवर आधार मिळेल. प्रत्येक गावाने एका वेळी किती तंबू हे ग्रामसभेत ठरविले, तर त्या निर्णयाला पर्यटकांनीही मान द्यावा. तोवर पुन्हा तंबू उचलणाऱ्यांच्या हाती एवढे नक्कीच आहे की, आपला पैसा आणि आपली रात्र नियम पाळणाऱ्या यजमानाच्या पदरात टाकावी. कोणते तळ टिकतील आणि कोणते बंद पडतील, हे ठरविण्याची ताकद त्या निवडीत आहे.