पामुक्कलेचीं कोरडीं कुंडें

तुर्कस्तानची सहल करून आलेल्या सुशिक्षित मंडळींची एक तक्रार आमच्या कानांवर वारंवार येते. पामुक्कले, म्हणजे ‘कापसाचा किल्ला’, येथें चित्रांतल्यासारखीं निळ्या पाण्यानें भरलेलीं शुभ्र कुंडें दिसलीं नाहींत. पुष्कळशीं कोरडींच होतीं, आणि वर पादत्राणें काढावयास लाविलीं! ही फसवणूक, असें त्यांचें म्हणणें.

आम्हांस तें साफ अमान्य आहे. ऊन झऱ्यांच्या पाण्यांतून कर्बाम्लवायु निघून गेला म्हणजे चुन्याचा सांका बसतो व वाळून त्याचा पांढरा दगड होतो. यास्तव तेथें पाणी पाळीपाळीनें सोडतात. खरी लूट केली ती प्राचीन हिएरापोलिसच्या अवशेषांवर हॉटेलें बांधून हेंच पाणी आपल्या हौदांत वळविणारांनीं. १९८८ सालीं जागतिक वारशांत या स्थळाची नोंद झाली. पुढें तीं हॉटेलें पाडावीं लागलीं. अनवाणी चालण्याचा एवढा बाऊ कशास? देवळांत आपण तेंच करतों.

आणि हे तक्रारखोर? भूकंपानें कोसळलेल्या संगमरवरी खांबांवरून पोहण्यास त्यांनीं आनंदानें पैसे मोजले. जवळच्या रोमन नाट्यगृहाच्या पायऱ्या चढावयास मात्र त्यांना सवड झाली नाहीं.