होकाराची चोरी

विजेचे बिल भरायला बसलेला माणूस ब्राउझरच्या वरच्या पट्टीत ‘महावितरण’ असे टाइप करतो. नेहमीच्या शोधपानाऐवजी समोर उघडते ते कधी न पाहिलेले, भलत्याच नावाचे पान. त्यावर पहिल्या चार-पाच ओळी जाहिरातींच्या असतात आणि खरे संकेतस्थळ कुठेतरी खाली दडलेले असते. तो सेटिंगमध्ये जाऊन सर्च इंजिन पूर्ववत करतो, तरी संगणक बंद करून सुरू केला की तेच पान परत हजर. अशा वेळी बहुतेक जण दोष स्वतःलाच देतात, ‘माझ्याकडूनच काहीतरी दाबले गेले असेल.’ दाबले गेलेले असते, हे खरे. दोन पीडीएफ जोडण्यासाठी, एखादा व्हिडिओ उतरवून घेण्यासाठी किंवा खरेदीवर सवलतीचे कूपन मिळावे म्हणून त्याने ब्राउझरला जोडले जाणारे एक छोटे एक्स्टेन्शन घेतलेले असते. ‘पुढे, पुढे, मान्य’ करताना त्याने होकार दिला तो पीडीएफ जोडण्याला. वसूल करण्यात आला दुसराच होकार, आणि गुन्हा आहे तो तिथेच.

शोधाची पट्टी ही क्षुल्लक बाब आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी अमेरिकेतल्या गूगलविरुद्धच्या मक्तेदारी खटल्यात बाहेर आलेला एक आकडा ध्यानात घ्यावा. आपले सर्च इंजिन फोनवर आणि ब्राउझरमध्ये आधीपासूनच निवडलेले असावे, यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात इतर कंपन्यांना २६.३ अब्ज डॉलर मोजले. रुपयांत ही रक्कम दोन लाख कोटींच्या आसपास जाते. कोट्यवधी माणसे पहिला प्रश्न कुठे टाइप करतात, या जागेचे हे भाडे आहे. मोठ्या कंपन्या ते करार करून देतात, ब्राउझरवर चोरून ताबा मिळवणारी सॉफ्टवेअर, म्हणजे हायजॅकर, ती जागा बळकावतात. तुमचा प्रश्न आधी त्यांच्या पत्त्यावर जातो, तिथून दोन-तीन पत्ते फिरवून अनेकदा याहू किंवा बिंगसारख्या ओळखीच्या शोधसेवेवर पोहोचवला जातो आणि जाहिरातीवर पडलेल्या प्रत्येक क्लिकमागे वाटेतल्या दलालाला वाटा मिळतो. रक्कम पैशांत असली तरी माणसे लाखांत असतात.

पैसा जाहिरातदाराचा जातो, आपले काय जाते, असा प्रश्न कुणी विचारील. वरच्या ओळी कोणाच्या असाव्यात हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती आपण कोणाला फोन लावतो आणि कोणत्या अर्जात आधार क्रमांक भरतो, हेही येते. बँकेचा म्हणून दिलेला बनावट ग्राहकसेवा क्रमांक अनेकदा शोधातूनच सापडतो. पासपोर्टच्या अर्जासाठी पैसे उकळणाऱ्या खोट्या संकेतस्थळांपासून सावध राहा, असे परराष्ट्र मंत्रालयाला जाहीरपणे सांगावे लागते. आपण काय शोधतो, यात आपले आजार, कर्जे, मुलांच्या परीक्षा, घरातली भांडणे असे सारे असते. डॉक्टरला सांगण्याआधी माणूस शोधपट्टीला सांगतो, अशी आजची स्थिती आहे. ती पट्टी परक्याच्या ताब्यात जाणे आम्हाला घरात घुसखोरी होण्याइतकेच गंभीर वाटते.

हा उद्योग केवळ अंधाऱ्या कोपऱ्यातल्या टोळ्यांनी वाढवला, असेही नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्याकडे सरकारी ई-निविदा भरायच्या, डिजिटल स्वाक्षरी करायची, तर संगणकावर जावा हे सॉफ्टवेअर असणे भाग होते. ओरॅकलसारख्या बड्या कंपनीच्या या जावाबरोबर विंडोजवर ब्राउझरमधले सर्च इंजिन बदलणारा ‘आस्क टूलबार’ येई. त्याच्या चौकोनात खूण आधीच केलेली असे, ती काढायला विसरला तो अडकला. हा टूलबार लगेच न बसता दहा मिनिटे थांबून बसतो, हे २०१३ मध्ये तज्ज्ञांनी दाखवून दिले. वापरकर्त्याला कार्यकारण कळू नये, याखेरीज या दहा मिनिटांचा दुसरा हेतू आम्हाला दिसत नाही. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने या टूलबारच्या जुन्या आवृत्त्या नको असलेले सॉफ्टवेअर म्हणून काढून टाकायला सुरुवात केली, तोवर वर्षे लोटली होती. पुढे २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नावाचा हायजॅकर उजेडात आणला. जगातले पंचवीस कोटी संगणक बाधित आणि त्यांपैकी अडीच कोटींहून अधिक भारतातले, असा तिचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने तो फुगवलेला ठरवला. वाद आकड्याचा होता. मोफत सॉफ्टवेअरच्या गाठोड्यात लपून यायचे आणि आल्यावर सर्च इंजिन बदलायचे, या पद्धतीबद्दल दुमत नव्हते.

आता टूलबार गेले, त्यांची जागा एक्स्टेन्शननी घेतली. यातला धोका सर्वांत स्पष्टपणे दाखवून दिला तो एका भारतीयाने. तंत्रज्ञानावर लिहिणारे अमित अग्रवाल यांनी ‘ॲड टू फीडली’ हे एक्स्टेन्शन तासाभरात लिहिले होते. तीस हजारांवर लोक ते वापरू लागले. एका अनोळखी व्यक्तीने चार आकडी डॉलर देऊ केले आणि त्यांनी ते विकले. महिन्याभरात नव्या मालकाने अपडेट पाठवले, त्यातून वापरकर्त्यांच्या पानांवर जाहिराती घुसल्या. अग्रवाल यांनी जानेवारी २०१४ मध्ये ही हकिगत स्वतः लिहून आपला निर्णय चुकल्याचे कबूल केले. हा प्रामाणिकपणा विरळा आहे आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. त्यानंतर सहा वर्षांनी ‘द ग्रेट सस्पेंडर’ या वीस लाखांवर वापरकर्ते असलेल्या एक्स्टेन्शनचे तेच झाले. जून २०२० मध्ये ते विकले गेले, फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते घातक ठरवून बंद करावे लागले.

‘अनोळखी सॉफ्टवेअर घेऊ नका’ हा सल्ला इथे अपुरा पडतो, कारण वापरकर्त्याने ओळखीचेच घेतले होते. बदलला तो मालक, आणि तेही ज्यांचे संगणक होते त्यांना न सांगता. अपडेट आपोआप येतात. नवी परवानगी लागली तर क्रोम विचारते. पण ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ ही परवानगी पहिल्याच दिवशी घेऊन ठेवलेली असेल, तर विचारण्यासारखे काही उरतच नाही. पीडीएफ जोडणाऱ्याला सगळी संकेतस्थळे वाचण्याची परवानगी कशाला लागते, हा प्रश्न एक्स्टेन्शन दुकानात मांडण्यापूर्वी दुकानदाराने विचारायचा आहे. बिल भरायला बसलेल्या निवृत्त शिक्षकाने तो विचारावा, ही अपेक्षा आम्हाला अन्यायाची वाटते.

आपल्याकडे कायदा नाही, अशी सबब कुणी सांगू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकाचे नेहमीचे काम बळकावणाऱ्या सूचना त्यात घालण्याला मनाई करते. हेच कृत्य कपटाने केले, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नुकसानभरपाईचे दावे राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव ऐकतात. बचाव एकच असतो, ‘परवानगी त्यानेच दिली.’ त्याचे उत्तर १८७२ च्या करार कायद्यात आहे. एकाच गोष्टीला, एकाच अर्थाने दोघे राजी झाले तरच ती संमती, असे त्याचे तेरावे कलम सांगते. पीडीएफला दिलेला होकार शोधपट्टीला लागू होत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांचे तेरा प्रकार अधिसूचित केले. संगणकात व्हायरस शिरल्याची खोटी भीती घालून पैसे काढणे हा त्यांतलाच एक, आणि हायजॅकर पाठोपाठ अशाच सूचनांचा मारा करतात. मात्र ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येतून मोफत दिलेली सेवा वगळलेली आहे आणि ही एक्स्टेन्शन बहुतेक मोफतच असतात. ही पळवाट बुजवली पाहिजे. ज्याच्या शोधावर आणि माहितीवर दुसरा पैसे मिळवतो, त्याने मोबदला दिलेलाच असतो, हे कायद्याने मान्य करावे.

ब्राउझर कंपन्यांनी काहीच केले नाही, असे म्हणणे योग्य ठरणार नाही. सर्च इंजिन बदलले की ‘हे तुम्हाला हवे होते का’ असे क्रोम विचारते. पण एक्स्टेन्शन विकले गेले तर प्रत्येक वापरकर्त्याला तसे कळवून, त्याच्याकडून नव्याने आणि मराठीसह त्याच्या भाषेत होकार मिळेपर्यंत ते बंद ठेवणे, एवढे तरी सक्तीचे व्हायला हवे. त्याहून मोठी जबाबदारी शोध-जाहिरातींचा पैसा वाटणाऱ्या कंपन्यांची आहे. कोणत्या भागीदाराकडून किती शोध आले, याचा हिशेब ठेवल्याशिवाय त्याला पैसे देता येत नाहीत. म्हणजे दलाल कोण, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी ही नावे जाहीर करावीत आणि बळकावलेल्या पट्टीतून आलेल्या शोधाचा मोबदला थांबवावा. पैसा थांबला की हा धंदा आठवडाभरही टिकणार नाही.

तोवर वाचकांनी आपल्यापुरते एक काम करावे. ब्राउझरमधली एक्स्टेन्शनची यादी उघडा आणि जे कोणी, कशासाठी टाकले हे सांगता येत नाही, ते काढून टाका. मग सर्च इंजिनचे सेटिंग तपासा, विंडोजमधल्या ॲपच्या यादीत त्याच सुमारास आलेले अनोळखी नाव शोधा आणि शेवटी ब्राउझर रीसेट करा. एक्स्टेन्शनपुढे काढण्याचे बटणच नसेल आणि घरच्या संगणकावर ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ असे दिसत असेल, तर हायजॅकरने विंडोजच्या नोंदींत हात घातलेला असण्याची दाट शक्यता आहे. ते जाणकाराकडून काढून घ्या. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईची साधने मोफत मिळतात. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून. पैसे गेलेच असतील, तर क्षणही न दवडता १९३० वर फोन करा. आणि हे सारे आपल्या संगणकावर करून झाले, की आई-वडिलांच्या संगणकापाशी बसून एकदा करा.