गोगलगाय नि पोटात पाय

वरून गरीब आणि आतून पक्क्या माणसाला आपल्याकडे 'गोगलगाय नि पोटात पाय' म्हणतात. लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सोयाबीन उत्पादकांना २०२२ च्या खरिपात या म्हणीचा खरा अर्थ कळला. संध्याकाळी पाहिलेली कोवळी रोपे सकाळी जागेवर नव्हती. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. बियाण्याची बॅग पुन्हा, खत पुन्हा, ट्रॅक्टरचे भाडे पुन्हा. सरकारने पुढे मदत जाहीर केली. पण हंगामाचे गेलेले दिवस कोणत्याही मदतीने परत येत नाहीत.

ही शंखी गोगलगाय आपल्या मातीतली नाही. तिचे मूळ गाव पूर्व आफ्रिका. तिथून ती मॉरिशसला गेली. १८४७ साली बेन्सन नावाच्या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासक साहेबाने ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली आणि तिथल्या एका बागेतून ती बाहेर पसरली. परदेशी किडी बंदरावर अडवण्याचा कायदा १९१४ साली झाला, म्हणजे ६७ वर्षांनी. साहेबाची हौस झाली, शेतकऱ्याच्या सात पिढ्यांना घोर लागला. आणि कायदा झाल्यावर तरी वाट बंद झाली का? अमेरिकेतील लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली. कीड आणताना शेतकऱ्याला कोणी विचारत नाही. निस्तरताना मात्र सगळे त्याच्याच बांधावर बोट दाखवतात.

या प्राण्याची रीत समजून घेतली पाहिजे. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही. भुसभुशीत ओल्या मातीत ती एका वेळी शंभरावर अंडी घालते. दिवसा दगडाखाली, पालापाचोळ्यात, बांधाच्या कपारीत लपते आणि रात्री चरते. पाणी तुटले की शंखाचे तोंड बंद करून महिनोन् महिने जमिनीत पडून राहते आणि मृगाच्या सरीबरोबर उठते. नेमका तोच आपल्या उगवणीचा काळ. म्हणून एकट्याने आपले वावर साफ करून भागत नाही. शेजारचे पडीक, गावचे गायरान, रस्त्याकडेची चारी, कालव्याचा काठ ही तिची घरे आहेत आणि त्यांतली बरीचशी सरकारच्या मालकीची आहेत.

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात काय झाले पाहा. १९६६ साली एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी आणल्या. सात वर्षांत त्यांच्या १८ हजारांवर झाल्या. सरकारने दहा लाख डॉलरवर खर्च करून १९७५ पर्यंत त्या निपटून काढल्या. जून २०२२ मध्ये, म्हणजे आपल्याकडे सोयाबीन फस्त होण्याच्या सुमारास, तिथल्या पास्को परगण्यात ती पुन्हा सापडली. लगेच तो भाग बंदिस्त करून विनापरवाना माती आणि रोपे हलवण्यास मनाई झाली. तिथे ती सरकारची जबाबदारी ठरली. इथे ती शेतकऱ्याचे नशीब ठरते.

कोणी म्हणेल, हिला खाणारा प्राणी आणून सोडा. तो प्रयोग झालेला आहे. १९५५ साली हवाई बेटांवर दुसऱ्या गोगलगायी खाणारी एक परदेशी गोगलगाय सोडली. तिने मोठ्या गोगलगायीचा बंदोबस्त केला नाही, बेटावरच्या मूळच्या निरुपद्रवी गोगलगायी मात्र संपवल्या. एका पाहुण्याला हुसकावायला दुसरा पाहुणा बोलावू नये.

आमची मागणी साधी आहे. पहिल्या पावसाबरोबर गायरान, रस्ते आणि कालव्याच्या कडेची मोहीम सरकारने स्वतः चालवावी. गोगलगायनाशकाच्या गोळ्या पेरणीच्या आधी गावात पोचाव्यात, पंचनाम्यानंतर नव्हे. आणि भरपाई द्यायची तर दुबार पेरणीचा खरा खर्च धरून द्यावी. ती मेहेरबानी नव्हे.

आणि भावांनो, मायबहिणींनो, सरकारची वाट पाहत हात बांधून बसणे हाही आपला धर्म नव्हे. गावाने दिवस ठरवून एकाच वेळी बाहेर पडावे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधाकडेला टाकावीत आणि सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. उघड्या हाताने वेचू नये. माणसाला बाधणारे जंतही त्यांच्या अंगात असतात. विषारी गोळ्यांपासून कुत्री-कोंबड्या दूर ठेवाव्यात. अंडी दिसली की तीही नष्ट करावीत. एकाने वेचल्या आणि दहांनी सोडल्या तर उपयोग नाही. गोगलगाय बांध ओळखत नाही. तिच्याशी लढतानाही बांध मध्ये येऊ देऊ नका.